चौदा कॅरटची वाटी

तिसरी वाटी तडकली तेव्हा नानांनी हातोडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती मीच फोडली होती.

"उभी काय राहिलीस? जा, आईला म्हणावं चहा टाक."

"आत्ता तर झाला चहा."

"मग परत टाक म्हणावं!"

मी कसली जातेय! लग्न माझं, मंगळसूत्र माझं आणि लग्न आठवड्यावर आलेलं. मी दुकानाच्या उंबऱ्यातच बसकण मारली. नानांनी ती वाटी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. कडेपासून पार खळग्यापर्यंत केसाएवढी चीर गेली होती.

"हे सोनं नाही, पमे," ते म्हणाले. "हे मेलं भांडखोर आहे. जरा ठोकलं की तोंड वर करतं."

मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची, हे तर सगळ्यांकडेच असतं. पण आम्हा पांचाळ सोनारांत व्याहीसुद्धा सोनारच, तेव्हा आपापली वाटी बापानं स्वतःच्या हातानं घडवायची, तिला दुसऱ्या कुणाची हातोडी लागू द्यायची नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे नानांना ती तडकणारी वाटी कुणा कारागिराच्या गळ्यात मारून मोकळं होता येईना. आणि गळ्यातली वाटी सासरी जाऊन फुटली, तर बायका काय काय बोलतात ते मी इथं सांगत नाही.

ही गोष्ट त्रेसष्ट सालच्या वैशाखातली, पुसेसावळीची. त्या जानेवारीत सरकारचा हुकूम निघाला होता, की यापुढे चौदा कॅरटच्या वरचा दागिना कुणी घडवायचा नाही. माझ्या नाती हे ऐकून हसतात. त्यांना वाटतं म्हातारी काहीतरी रचून सांगतेय. चौदा कॅरट म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त सोनं, बाकी तांबं नि चांदी. रंगानं तांबूस, अंगानं कडक. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या काम बावीस कॅरटचं. ते हातात मऊ कणकेसारखं वळतं. गिऱ्हाइकं म्हणाली, असला तांबडा दागिना घालून लेक सासरी कशी धाडायची? आणि ती यायचीच बंद झाली. शिमग्यापर्यंत सोनारआळीतल्या शेगड्या एकेक करून विझल्या.

तसं चोरून काम करणं अवघड नव्हतं. दार लोटलं की झालं. आसपासच्या गावांत सर्रास चालायचं. आमच्या आळीत चाललं नाही, ते नानांमुळे. नाना, म्हणजे भालचंद्र महामुनी, आळीच्या पंचांतले मुख्य. हुकूम आला तसं त्यांनी सगळ्यांना काळिकादेवीच्या देवळात बोलावलं. मीही बायकांत बसले होते.

"आपल्या देशात सोनं निघतं चिमूटभर," नाना म्हणाले. "बाकीचं येतं बाहेरून, त्यातलं बरंचसं चोरून. आपण इथं हौसेनं पाटल्या घडवतो आणि तिकडं देशाचं परकीय चलन गळून जातं. आत्ता चीनशी लढाई झाली, आपल्या पोरांच्या अंगावर धड गरम कपडा नव्हता. त्याच चलनात कपडे आले असते, बंदुका आल्या असत्या, यंत्रं आली असती. सोनं नको म्हणायला दुसरं कुणी कशाला पाहिजे? आपणच म्हणूया."

"आणि आम्ही खायचं काय, नाना?"

हे विचारलं दिगूकाकांनी. दिगंबर पोतदार, आमचे समोरचे. नात्यानं कुणी नव्हेत, पण लहानपणापासून नानांच्या हाताखाली शिकलेले, आणि काम असं की नानाही कधी कधी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत बसायचे. नानांना असं तोंडावर विचारणारे आळीत ते एकटेच.

"एक-दोन वर्षं कळ काढायची. मिळेल ते काम करायचं. मीही करीन."

"आणि दोन वर्षांनी सरकार म्हणालं, चुकलंच बाबा आमचं, तर?"

सगळे हसले. नाना हसले नाहीत.

"दिगू, आजवर मी तुला चुकीचं काही शिकवलंय?"

"नाही."

"मग ये इकडं. पहिला हात तू ठेव."

दिगूकाका उठले. देवीच्या पायावर हात ठेवून म्हणाले, चौदाच्या वर हत्यार लावणार नाही. त्यांच्यामागून सगळ्यांनी हात ठेवले. नाना एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले! माझी सोयरीक तेव्हा विट्याच्या एकनाथराव वेदपाठकांकडे ठरत होती. नाना तिथंही गेले आणि होणाऱ्या व्याह्यालाही तीच शपथ घालून आले. आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "लोक स्थळ बघायला जातात, आमचे हे शपथा वाटत फिरतात."

नाना बोलले तसं वागले. पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे उतरवून घ्यायला बसू लागले. घरी आले की भुवयांवर पीठ. दिगूकाकांना रस्त्याच्या कामावर खडी फोडायचं काम मिळालं. नखाएवढ्या पानावर नक्षी काढणारा माणूस, तो घण घेऊन उन्हात बसला. चैत्रात एक दिवस कपरी उडाली ती त्यांच्या उजव्या डोळ्यात. मिरजेला नेलं. डोळा वाचला नाही.

ते घरी आले तेव्हा नाना भेटायला गेले, मी बरोबर होते. शेवटी दिगूकाकाच म्हणाले, "असं काय तोंड करून बसलाय, नाना? मीही आता चौदा कॅरटचा झालो, एवढंच." आणि हसले. त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

तर ती तिसरी वाटी. चहा घेऊन आई दुकानात आली, तिनं वाटीकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि हातातली एक पाटली उतरवून नानांच्या पुढ्यात ठेवली.

"ही कशाला?"

"तुकडा तोडा आणि करा वाटी. बावीसची. चिरलेली वाटी गळ्यात घालून माझी पोर नांदायला जायची नाही."

"अगं, शपथ आहे."

"शपथ तुमची. संसार तिचा."

"आणि कळलं तर?" नानांचा आवाज एकदम खाली आला. "सगळ्यांना मी उभं केलं देवीपुढं. माझ्या शब्दावर दुकानं मोडली लोकांनी. दिगूचा डोळा गेला. उद्या हे बाहेर फुटलं, तर त्यांच्यात तोंड वर करून फिरेन कसा मी?"

"कळतंय कुणाला! तुम्हीच पंच नि तुम्हीच सोनार."

नानांनी पाटली उचलून तळव्यावर तोलली. मग म्हणाले, "पमे, दार लोट."

मी दार लोटलं. खरं सांगते, मला आनंदच झाला. एकोणीस वर्षांची होते. तांबड्या वाटीची मला लाज वाटत होती.

शेगडी फुलली. नानांनी तुकडा वितळवला, पत्रा ओढला, साच्याच्या खळग्यात ठेवला आणि हातोडी चालू लागली. आवाजच वेगळा, मऊ. कित्येक महिन्यांनी नाना काम करताना गुणगुणत होते. वाटी अशी झाली की मी हातात घेऊन बघतच राहिले. नानांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, तेलाच्या थेंबात गेरू खलला आणि बोटानं तिच्यावर चोळायला लागले. निखाऱ्यावर धरायची, पुन्हा चोळायची, फडक्यानं पुसायची. हळूहळू ती पिवळीजर्द वाटी तांबूस, मळकी होत गेली.

"पितळेला सोन्याचा रंग देणारे भामटे लई बघितले मी," नाना म्हणाले. "सोन्याला तांब्याचा रंग देणारा पहिलाच. हसतेस काय?"

"मी कुठं हसले?"

"हस, हस. हसण्यासारखंच आहे."

त्यांचे डोळे भरले होते. धुरानं म्हणायचं तर धूर नव्हता.

लग्न आमच्याच दारात, आळीभर मांडव. सकाळी विट्याचं वऱ्हाड ट्रकमधून उतरलं. एकनाथराव उतरले तेच खिशातून डबी काढत. धिप्पाड माणूस, पण चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"महामुनी, बघा! चौदा म्हणजे चौदा. तुमच्या शब्दाला जागलो बरं का."

डबीत तांबूस वाटी. गोल, गुळगुळीत, कुठे चीर नाही.

"फुटली नाही?" नानांनी विचारलं.

"फुटली तर! पाच-सहा वेळा फुटली. मग ध्यानात आलं, हिला घाई खपत नाही. दोन ठोके घालायचे नि तापवायची, दोन ठोके नि तापवायची. पोरासारखं सांभाळलं बघा. तुमची कशी झाली?"

"झाली," नाना म्हणाले आणि आपली वाटी तबकात ठेवली. दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच तांबड्या. एकनाथरावांनी मान डोलावली. सुवासिनींनी काळ्या मण्यांत दोन्ही ओवल्या.

मुहूर्त भर दुपारचा. ऊन असं, की कनातीला हात लावला तर चटका बसे. त्यात होमाचा धूर. मंगळसूत्र बांधलं, सप्तपदी झाली, अंगावरचा शालू घामानं चिंब. मग सूनमुख बघायला मला सासूबाईंच्या मांडीवर बसवलं. बाई मायाळू होती. म्हणाली, "किती गं घामेजलीय पोर," आणि आपल्या पदरानं माझा गळा पुसला. पदराला तांबडा डाग लागला. तिला वाटलं कुंकू. तिनं पुन्हा पुसलं. मग वाटी बोटांत धरून पुसली.

"अगं बाई! हिचा रंग सुटतोय की."

मी खाली बघितलं. गेरूखालून ती पिवळी वाटी वर आली होती, आणि तिच्या शेजारी एकनाथरावांची होती तशीच तांबडी. मांडवात सगळे सोनार. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. एकाचं बोलणं थांबलं, दुसऱ्याचं थांबलं, मग पार आचाऱ्यापर्यंत सगळं गप्प झालं.

एकनाथराव जवळ आले, वाकले, वाटी बघितली.

"महामुनी, हे काय?"

नाना उभे होते.

"माझं दुकान मोडलं. हा माझा पोरगा, बापजाद्यांपासूनचा सोनार, आज एसटीत तिकिटं फाडतो. तुमच्या शब्दावर! आमच्या सुनेला आम्ही चौदा घालायचं, आणि तुम्ही तुमच्या लेकीला बावीस? तेही चोरून, आमच्या डोळ्यांत धूळ टाकून?" ते आपल्या माणसांकडे वळले. "ट्रक काढा रे. सून राहू दे इथंच."

आई रडायलाच लागली. ज्यांनी ज्यांनी देवीच्या पायावर हात ठेवला होता, ते सगळे नानांकडे बघत होते. तेवढ्यात पंगतीच्या बाजूनं आवाज आला.

"ती वाटी माझी आहे."

दिगूकाका. हातात बुंदीची परात, गेलेल्या डोळ्यावर पांढरी पट्टी. परात कुणाच्या तरी हातात देऊन ते पुढे आले.

"नानांच्या हातून तीन फुटल्या. मग माझ्याकडे आले, म्हणाले, दिगू, रीत राहू दे, तू बघ. मलाही जमेना. मी घरातलं चोख सोनं घातलं, गेरू फासला आणि दिली. नानांना यातलं काही ठाऊक नाही."

"एका डोळ्यानं घडवलीस?" एकनाथरावांनी विचारलं.

"वाटीला डोळा कशाला लागतो? हात लागतो."

"आणि यांना कळलं नाही? लांबून रंग बघून कस सांगणारा माणूस हा!"

"लेकीचं लग्न होतं, एकनाथराव. बापाला कुठं काय दिसतं?"

मांडवात सगळ्यांना कळत होतं. दागिन्यावर हात कुणाचा, हे सोनाराला सांगावं लागत नाही. ती वाटी नानांची होती, हे आळीतल्या पोरासोरांनीही ओळखलं असतं. पण कुणी ब्र काढला नाही. एकनाथराव एकदा वाटीकडे, एकदा त्या पट्टीकडे बघत राहिले.

"शपथ मोडलीस, त्याचं काय?"

"शुक्रवारी देवीपुढं नाक घासतो. सगळ्यांच्या देखत."

मी नानांकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोला ना, नाना. आता तरी बोला. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली, सासूच्या मांडीवर बसलेल्या माझ्यावर, आणि त्यांनी तोंड मिटलं. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही कधी कधी येतो.

"पंगत बसवा," एकनाथराव म्हणाले.

संध्याकाळी निघायच्या आधी मी दिगूकाकांच्या पाया पडायला समोर गेले. दारातच थबकले. आत नाना होते. दिगूकाका बाजेवर, आणि नाना, आळीचे मुख्य पंच, खाली जमिनीवर.

"शुक्रवारी तू जायचं नाहीस," नाना म्हणत होते. "मी जाणार. सगळं सांगणार."

"काही सांगायचं नाही."

"पोरीची गाडी एकदा निघाली की सांगतो. तिला धक्का नाही लागायचा."

"पोरीसाठी नाही म्हणत मी."

"मग कशासाठी? माझ्या पापापायी तू नाक घासणार? हे मला पचायचं नाही, दिगू."

"पचवा." दिगूकाकांचा आवाज चढला. मी जन्मात तो चढलेला ऐकला नव्हता. "तुमच्या शब्दावर मी घण हातात घेतला. देशासाठी घेतला म्हणून लोकांना सांगतो, बायकोला सांगतो, स्वतःला सांगतो. आता तुम्ही जाऊन म्हणणार, माझाच शब्द खोटा होता. मग माझा डोळा कशापायी गेला, नाना? बोला ना. कशापायी गेला?"

मी आत गेले, दोघांच्या पाया पडले. दिगूकाकांनी डोक्यावर हात ठेवला. "नीट राहा," म्हणाले. "वाटी सांभाळ. मी केलीय ती." एवढं झाल्यावरही त्यांना थट्टा सुचत होती. मी मात्र विटा येईपर्यंत रडत होते.

शुक्रवारी दिगूकाकांनी देवळात नाक घासलं. नाना मुख्य म्हणून शेजारी उभे होते. हे मला आईनं नंतर सांगितलं, आणि सांगताना नानांकडे बघितलं नाही.

पुढं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. त्याच वर्षी सरकारनं कायदा थोडा सैल केला, आणि तीनेक वर्षांत बावीस कॅरट परत आलं. आळीतल्या शेगड्या पेटल्या, दिगूकाकांची सोडून. नानांनी दुकान उघडलं, त्यातला वाटा महिन्याच्या महिन्याला समोरच्या घरी जाऊ लागला. सगळे उघड बोलायला लागले, कसला बिनडोक कायदा, चोरटं सोनं काही थांबलं नाही, गरीब कारागीर तेवढा मेला. एकटे नाना ऐकायचे नाहीत.

"कायदा बरोबर होता," म्हणायचे. "देशाचं चलन वाचलं. ही काय लहान गोष्ट आहे?"

वर्षानुवर्षं हेच. माझे यजमान चिडवायचे, "तुमचे नाना म्हणजे सरकारपेक्षा सरकारी." भाचे-पुतणे मुद्दाम विषय काढून त्यांना पेटवायचे. म्हातारा हट्टाला पेटलाय म्हणून आळी हसायची. दिगूकाका ओट्यावर बसलेले असले, की नाना हेच जरा मोठ्यानं म्हणायचे. दिगूकाका मान हलवायचे. "वाचलं तर, वाचलं," म्हणायचे.

चौऱ्याऐंशी साली दिगूकाका गेले. तेराव्याला मी पुसेसावळीला गेले होते. जेवणं झाल्यावर पुरुष माणसं ओट्यावर बसली होती, नाना भिंतीला टेकून. सत्तरीला आले होते. दिगूकाकांचा पुतण्या म्हणाला, "काय तो चौदा कॅरटचा कायदा! काकांचा डोळा फुकट गेला."

सगळ्यांनी नानांकडे बघितलं. आता म्हातारा उसळणार म्हणून एक-दोघं हसायच्या बेतातही होते.

"हो रे बाबा," नाना म्हणाले. "फुकटच गेला."

आणि तोंडाला उपरणं लावून ते सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडायला लागले.